पहिली टू-टू रायफल निवडताना : कोल्हापूरच्या नव्या नेमबाजांसाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. तेव्हापासून कोल्हापुरातल्या रेंजवर एक प्रश्न सारखा ऐकू येतो : "सर, पोराला टू-टू घ्यायची आहे, कुठली घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखाद्या जर्मन कंपनीचं नाव आधीच पक्कं झालेलं असतं, फक्त आपण मान डोलवायची बाकी असते. खरं तर टू-टू या गावाला नवी नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्येच म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. तरीही पहिली रायफल निवडताना लोक आधी ब्रँड बघतात, मग किंमत, आणि ती पोराच्या खांद्याला बसते का हे सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा क्रम बरोबर उलटा हवा, आणि त्यातही विकत घेण्याची वेळ शक्य तितकी पुढे ढकलावी.

आधी इव्हेंट ठरवा

पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिलिमीटरची गोळी. हिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते, म्हणून ही रिमफायर. रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. एकदा वाजली की गेली.

या रायफलीवर मुख्यतः दोन प्रकार खेळतात. प्रोनमध्ये पोटावर झोपून ६० शॉट मारायचे. थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग (उभं राहून) या क्रमानं प्रत्येकी २०, म्हणजे एकूण ६०. प्रोन २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेलं, पण आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत खेळलं जातं आणि नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी. जमिनीचा आणि स्लिंगचा (दंडाला बांधायच्या पट्ट्याचा) आधार असल्यामुळे चूक नेमकी कुठं होते ते लवकर कळतं.

दोन्ही प्रकारांना रायफल एकच चालते : एका वेळी एकच गोळी भरायची, दुर्बीण नाही, मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे रिंग. कोल्हापूर भागात जुन्या घरांत आजोबांच्या काळातली मॅगझिनची टू-टू कपाटात असते. "हीच वापरू का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. तिच्यावर डायॉप्टर बसत नाही, बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पुढे-मागे होत नाही आणि त्या काळचा ट्रिगर दगडासारखा असतो. तिला तिच्या जागी राहू द्या.

दहा मीटर टाळू नका

तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद आधी माती उकरायला लावतो, तसं इथे एअर रायफलचं आहे. ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल वापरायला शस्त्र परवाना लागत नाही. छरे स्वस्त असतात आणि सराव रोज होतो. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर सहा-आठ महिने घालवलेल्या मुलाला ट्रिगर दाबणं आणि झटकणं यातला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. त्याआधीच टू-टू हातात दिली तर आवाज आणि धक्का यांच्याच कौतुकात वर्ष जातं.

एनसीसीतून येणाऱ्या कॅडेटची गोष्ट थोडी निराळी. त्यांनी २५ मीटरवर टू-टू वाजवलेली असते, बोल्टची सवय असते आणि शिस्त तर असतेच. त्यांना थेट प्रोनवर घ्यायला हरकत नाही. फक्त उघड्या साइटची सवय मोडायला वेळ लागतो.

परवान्याचे कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळता येत नाही. टू-टूला शस्त्र परवाना लागतो. आपल्याकडे पोलिस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो : ए-१ नमुना, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलिस पडताळणी. खेळाडू म्हणून अर्ज करत असाल तर जिल्हा आणि राज्य रायफल संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं सोबत लावा. सर्वसाधारण परवान्याला वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याहून लहान मुलं क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि सर्वसामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांना यात वेगळी सवलत आहे, पण ती स्पर्धेतल्या कामगिरीवर ठरते.

वापरलेली रायफल खासगी माणसाकडून घेत असाल, तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. "आधी घेऊन जा, कागद मागनं करू" असं म्हणणारा भेटला तर चहा पिऊन परत या. रायफल कितीही चांगली असो, हा गुन्हा आहे.

निवडणुका लागल्या की परवानाधारकांना शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा येतात. संघटनेच्या सदस्य खेळाडूंना त्यातून सूट मिळू शकते, मात्र तिच्यासाठी संघटनेचं पत्र आणि अर्ज वेळेत द्यावा लागतो. स्पर्धा तोंडावर असताना धावपळ नको असेल तर पत्र आधीच काढून ठेवा.

रायफल अंगाला बसते का

इथे मात्र वेळ काढा. या एका गोष्टीवर जितकं लक्ष द्याल तितके पुढचे पैसे वाचतील.

पहिलं काम, कुठला डोळा जोरकस आहे ते बघा. दोन्ही हात लांब करा, तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा दिव्याचा खांब बघा. एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं खांब भोकातच राहतो तो जोरकस डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर रायफल घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोला. डाव्या हाताच्या बोल्टच्या रायफली मिळतात, पण कमी, आणि वापरलेल्या तर शोधाव्याच लागतात.

दुसरं, लांबी. कोपर काटकोनात वाकवा आणि बट प्लेट कोपराच्या खळग्यात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर आलं पाहिजे. हा फक्त अंदाज आहे, खरं माप मॅटवर झोपल्यावर कळतं. बट प्लेट पुढे-मागे, वर-खाली आणि तिरकी होणारी हवी. वाढत्या वयाच्या पोरासाठी हे फारच महत्त्वाचं. चौदाव्या वर्षी बसलेली रायफल सोळाव्या वर्षी आखूड पडते, आणि जिचा बट सरकत नाही ती तेव्हा विकावीच लागते.

आता मॅटवर झोपा. जॅकेट घाला, स्लिंग लावा, रिकामी रायफल खांद्याला लावा. डावा हात हँडस्टॉपला (रायफलीखालच्या अडणीला) टेकलेला आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीपासून किमान ३० अंश वर, हा नियमच आहे. गाल चीकपीसवर सोडून द्या, दाबू नका. डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा.

आता साइटमधून काय दिसतं ते बघा. मागच्या भोकाच्या मधोमध पुढच्या साइटची गोल नळी, तिच्या आत काळी रिंग, रिंगच्या आत पांढरी कड आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध काळं टार्गेट. गोलात गोल, सगळे एकाच केंद्राभोवती. हे चित्र मान न ताणता, भुवई न उचलता दिसत असेल तर रायफल तुमची आहे, मग तिच्यावर कुठलंही नाव असो. पुढची नळी भोकाच्या एका बाजूला चिकटलेली दिसली तर चीकपीस चुकीच्या उंचीवर आहे. मागची साइट डोळ्यापासून तीन-चार बोटांवर यायला हवी. त्यासाठी गळा पुढे काढावा लागत असेल तर बट लांब पडतोय किंवा साइट मागे घ्यायला हवी.

टार्गेट रिंगच्या बाहेर डावी-उजवीकडे गेलेलं दिसलं तर हातानं रायफल ओढून मध्ये आणू नका. डावा कोपर जागचा न हलवता कंबर सरकवा. याला नॅचरल पॉइंट म्हणतात. क्लबच्या रायफलीवर हे शिकून घेतलेल्या पोराला नवी रायफल बघताना पाच मिनिटांत कळतं की ही बसेल की नाही.

रिंगचं एक सांगून टाकतो. नवखी मुलं सगळ्यात बारीक रिंग घालतात, त्यांना वाटतं नेम बारीक होईल. होतं उलटंच : पांढरी कड इतकी अरुंद होते की डोळा तिच्याशी भांडत बसतो आणि शॉट सुटायला उशीर होतो. ३.८ किंवा ४ मिलिमीटरपासून सुरू करा.

ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा मोकळा, दुसऱ्यावर बोट थांबतं, आणि तिथून सरळ मागे दाब. ५० मीटर रायफलमध्ये ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादा नाही, म्हणून लोक तो पिसासारखा हलका करतात. नव्या नेमबाजासाठी १०० ते १५० ग्रॅम ठीक. त्याहून हलका केला की मनात नसताना शॉट सुटतो.

मॉडेलांची नावं

वर्षभर क्लबची रायफल वापरून झाल्यावर आणि स्कोअर एका पातळीवर टिकू लागल्यावरच इथून पुढे वाचा. आन्शुत्झ या जर्मन कंपनीच्या १९०३ या मॉडेलमध्ये मॅच ६४ ॲक्शन (बोल्ट आणि चेंबरची यंत्रणा) असते. ती हलकी, साधी आणि शिकणाऱ्यासाठी पुरेशी. १९०७ आणि १९१३ मध्ये मॅच ५४ ॲक्शन असते, जिच्यावर जगभरातल्या नेमबाजांच्या कित्येक पिढ्या खेळल्या. १९१३ जड आहे, बारीक अंगाच्या पोराला स्टँडिंगमध्ये कंबर मोडून काढते. वॉल्थरच्या केके३०० आणि केके५००, फाइनवर्कबाउच्या २७०० आणि २८०० यासुद्धा वरच्या दर्जाच्या. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत भारतीय बनावटीची स्पोर्टिंग टू-टू तयार होते, पण ती सामन्याची रायफल नव्हे.

माझं मत विचाराल तर वापरलेली, नीट सांभाळलेली १९०७ ही पहिली स्वतःची रायफल म्हणून सर्वांत शहाणी निवड. नवी ॲल्युमिनियम स्टॉकची रायफल दिसायला रुबाबदार असते, माप बदलायला सोपी असते आणि पावसाळ्यात लाकडासारखी फुगत नाही, हे खरं. पण तिच्यातला आणि जुन्या ५४ मधला जो फरक आहे तो दिसायला स्कोअर बराच वर जावा लागतो, आणि त्या फरकाच्या पैशात खूप गोळ्या येतात.

वापरलेली रायफल तपासताना

आधी बॅरल आणि ॲक्शनवरचा नंबर परवान्याशी अक्षर-अक्षर जुळवा. मग बोल्ट काढून, चेंबर रिकामं आहे याची खात्री करून, बॅरल मागून उजेडाकडे धरा. आतली धार स्वच्छ, चकचकीत हवी, गंजाचे ठिपके नकोत. नळीच्या तोंडाची कड बोटाच्या नखानं हळूच तपासा, टवका उडालेला असेल तर नकोच. चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनचा खड्डा दिसतो का ते बघा. रिमफायर रिकामी वाजवली की पिन थेट त्या कडेवर आदळते आणि मग पुंगळी नीट बसत नाही. टू-टूच्या बॅरलला हजारो गोळ्या म्हणजे काहीच नाही, म्हणून "खूप वापरलेली आहे" यावरून घाबरू नका. "सांभाळली कशी" हा प्रश्न विचारा.

साइटची परीक्षा अशी : पाच गोळ्या मारा, मग साइटची घुंडी दहा क्लिक उजवीकडे, पाच गोळ्या, मग दहा क्लिक डावीकडे आणि पुन्हा पाच. शेवटचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पहिल्याच्या जागेवर पडला पाहिजे. पडला नाही तर साइट सैल आहे, आणि चांगली डायॉप्टर वेगळी घ्यायची म्हटलं तर ती स्वस्त नसते. भावात हे धरा.

ग्रुप काढल्याशिवाय पैसे देऊ नका

५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळीची कड रेषेला लागली तरी वरचा आकडा मिळतो, म्हणून ५.६ मिलिमीटरच्या गोळीचं केंद्र मधापासून ८ मिलिमीटरच्या आत असलं की दहा. म्हणजे टेकवून मारलेल्या दहा गोळ्यांचा ग्रुप, केंद्रापासून केंद्रापर्यंत, १६ मिलिमीटरमध्ये बसत असेल तर रायफल दहा मारू शकते. बाकी चूक आपली. असे तीन-चार ग्रुप काढा, एकावर विश्वास ठेवू नका.

आणि ते एकाच गोळीवर काढू नका. प्रत्येक बॅरलची स्वतःची आवड असते. एसके, लापुआ, इली, आरडब्ल्यूएस, सगळ्यांच्या डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, आणि एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच रायफलीत वेगळे पडतात. शिकताना एसके स्टँडर्ड प्लस किंवा इली क्लब या दर्जाची गोळी पुरते. टेनेक्स आणि एक्स-ॲक्ट या वरच्या दर्जाच्या गोळ्यांचा विचार राज्य स्पर्धेत नाव यायला लागल्यावर करा. जो लॉट रायफलीला आवडला तो परवान्यावरच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम घेऊन ठेवा.

जलद वेगाच्या, जास्त आवाजाच्या गोळ्या टाळा. सामन्याची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी हळू जाते आणि त्यामुळेच वाऱ्यात कमी भरकटते. तरी भरकटतेच : ताशी पंधरा किलोमीटरचा बाजूचा वारा तिला ५० मीटरवर दोन सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो, म्हणजे टार्गेटवर दोन रिंगांहून जास्त. बंदिस्त रेंजवर शिकलेल्या पोराला उघड्या रेंजवरचा पहिला सामना म्हणूनच जड जातो. झेंड्या बघायला सरावातच शिका.

बाकीचं सामान आणि पावसाळा

पैसे मोजके असतील तर क्रम असा : चांगली स्लिंग, डाव्या हाताचा ग्लोव्ह, जॅकेट, मग ट्राउझर आणि बूट. स्लिंग प्रोन आणि नीलिंगला चालते, स्टँडिंगला नाही. जॅकेटचं कापड एका थराला २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही आणि कडकपणाही मोजतात, म्हणून कुणाचं जुनं जॅकेट घेताना आधी मोजून घ्या. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची पट्टी घरी प्लास्टिक कापून करता येते, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

कोल्हापूरचा पाऊस रायफलीचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर रायफल बंद केसमध्ये फोमवर ठेवून विसरलात तर बॅरलवर तांबूस डाग येणारच. रेंजवरून आल्यावर केस उघडी ठेवा, धातूवर तेलाचं फडकं फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या बदला. नळी साफ करताना रॉड नेहमी मागून, चेंबरच्या बाजूनं घाला. शक्य असेल तर रायफल क्लबच्या कोतमध्येच (शस्त्रागारात) राहू द्या. घरी ठेवायची तर कुलूपबंद कपाट, बोल्ट वेगळा, गोळ्या वेगळ्या.

घरी ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव) जरूर करा. त्यासाठी चेंबरमध्ये प्लग घाला, आणि त्या खोलीत एकही जिवंत गोळी नको. रेंजवर तर चेंबरमधली रंगीत सेफ्टी दोरी हुकूम मिळेपर्यंत काढायची नाही आणि मारून झाल्यावर सगळ्यात आधी तीच परत घालायची.

पहिल्या सामन्याआधी

जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, असा रस्ता. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच.) एंट्री संघटनेमार्फतच जाते, म्हणून सदस्यत्वाचं नूतनीकरण आठवणीनं करा. सामन्याच्या आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला (सामानाच्या तपासणीला) जाऊन या, जॅकेट तिथे अडकलं तर दुरुस्तीला रात्र तरी मिळते.

आणि रायफल स्वतःची असो वा क्लबची, बट प्लेट, चीकपीस, हँडस्टॉप आणि साइट यांची सगळी मापं रेलवरच्या आकड्यांसकट लिहून काढा. प्रोनची वेगळी, नीलिंगची वेगळी, स्टँडिंगची वेगळी. तो कागद केसच्या झाकणाला आतून चिकटवा आणि शेजारी ॲलन कीचा संच ठेवा. क्लबची रायफल सकाळच्या डिटेलमध्ये (नेमबाजांच्या तुकडीत) दुसऱ्या कुणी वापरून तुमच्या हातात आली, तरी तुमचा डिटेल सुरू व्हायच्या आत ती परत तुमच्या मापावर येते.